पोचल्याचं कळव

देवरुखहून निघालेली एसटी संध्याकाळी सहाच्या सुमारास स्वारगेटला लागायची. घाटात धुकं असलं किंवा वाटेत टायर बसला की साडेसात, कधी आठ. १९९६ ते १९९९ मी पुण्यात होस्टेलला होते आणि त्या तीन वर्षांत महिन्यातून दोनदा तरी, शनिवारी, मी त्या फलाटावर उभी असायचे. आई सकाळी गाडी सुटायच्या आधी स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती डबा द्यायची. कापडी पिशवी, तोंडाशी सुतळीच्या दोन गाठी, आणि गाठीत अडकवलेली वहीच्या कागदाची पट्टी, तिच्यावर माझं नाव. आत खोबऱ्याच्या वड्या, कुळथाचं पीठ, दिवस असतील तर फणसाची सांदणं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आगळाची बाटली. कंडक्टर दर वेळी वेगळा असायचा, पण पिशवी पुढे करताना सगळे एकच विचारायचे, "देवरुखची ना गं तू?" पुण्यात दुसरं कुणी मला हे विचारत नसे. हो म्हणताना दर वेळी आवाज जरा चढायचा माझा.

डबा येणार हे कळायचं पत्रातून. होस्टेलच्या ऑफिसात एक फोन होता, पण तो रविवारचा आणि रांगेतला. मागे चार मुली उभ्या असताना बोलणार तरी काय? खरं बोलणं पत्रातलं. निळं आंतरदेशीय पत्र, आणि आई त्यातली बोटभर जागा वाया घालवत नसे. तिन्ही घड्या भरल्या की समासात आडवं लिहायची, समास संपला की आत दुमडायच्या पट्टीवर, अगदी डिंकाच्या कडेला टेकेपर्यंत. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं : पोचल्याचं कळव.

त्या वर्षांत मला सिनेमाचं वेड लागलं. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये सिनेमे दाखवत. एका मैत्रिणीच्या ओळखीने मी जायला लागले आणि मग ती यायची थांबली तरी मी जात राहिले. कळत फार नव्हतं. पण त्या अंधारात वीस-तीस माणसं, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, एकाच गोष्टीकडे दोन तास बघत बसतात, हे मला आवडायचं. होस्टेलमध्ये खोलीत आम्ही चौघी होतो आणि चौघींची बडबड अखंड चालू असायची, तरी मी तिथे एकटी असायचे. इथे एकटी जाऊन बसायचे आणि एकटं वाटायचं नाही.

अशाच एका संध्याकाळी मी मणी कौल यांचा 'उसकी रोटी' पाहिला. १९६९ सालचा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. कौल आमच्या पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले, आणि हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा. गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात. पंजाबातल्या एका खेड्यातली बालो रोज घरून चालत रस्त्यावर येते आणि नवऱ्याची रोटी घेऊन बसच्या थांब्यावर उभी राहते. नवरा, सुच्चासिंग, बस चालवतो आणि आठवड्यातून एकदाच घरी येतो. एके दिवशी तिला उशीर होतो, तो रागावून रोटी न घेताच गाडी पुढे काढतो, आणि ती रात्र पडेपर्यंत तिथेच उभी राहते.

सिनेमाभर ती उभीच आहे. झाडाखाली, धुळीत, फडक्यात बांधलेली रोटी हातात धरून. के. के. महाजन यांचा कॅमेरा तिच्या हातांवर इतका वेळ थांबतो की ते हात आपल्याला पाठ होतात. बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की कौल यांनी सिनेमा मुख्यतः दोन भिंगांवर बेतला होता, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. सुरुवातीला एक भिंग जे घडतंय त्यासाठी, दुसरं बालोच्या मनात जे चाललंय त्यासाठी. मग हळूहळू त्यांनी त्यांची अदलाबदल केली. म्हणून पुढे पुढे कळेनासं होतं, बस खरंच आली की तिला आल्यासारखी वाटली. वाट बघणाऱ्या माणसाचं असंच होतं, हे सांगायला त्यांनी एक शब्द खर्च केलेला नाही.

बस तिच्यासमोरून निघून जाते, त्या प्रसंगाला माझ्या पोटात धस्स झालं. शनिवार होता. त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं होतं, डबा पाठवतेय म्हणून.

तेव्हा उठता आलं असतं. रांगेच्या मधोमध बसले होते, लोकांचे गुडघे ओलांडून जावं लागलं असतं, एवढंच. शिवाय मनात एक आवाज म्हणत होता की गाडीला उशीर होतोच, आणि दुसरा म्हणत होता की वड्या काय, पंधरा दिवसांनी परत येतील. मी बसून राहिले. भाकरी घेऊन थांबलेल्या एका बाईकडे पाहत. सिनेमा संपला तेव्हा होस्टेलचं फाटक बंद व्हायला अर्धा तास उरला होता. सकाळी सहाला ती गाडी परतीला लागली आणि डबा तिच्यातून देवरुखला परत गेला.

हे मी त्यानंतर कुणालाही सांगितलं नव्हतं.

शांताल आकेरमानचा 'न्यूज फ्रॉम होम' माझ्यासमोर आला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. घरात सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कानात हेडफोन घालून मी तो पाहिला. आकेरमान ब्रसेल्सची, १९५० सालची. 'जान डिएलमान' या तिच्या तीन तास वीस मिनिटांच्या सिनेमाचं नाव आता पुष्कळांना माहीत झालंय, कारण २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांनी त्याला आजवरच्या सगळ्या सिनेमांत पहिलं स्थान दिलं. त्याच्याच नंतरचा हा लहानसा सिनेमा मात्र कोपऱ्यात राहिलेला. मला त्या दोहोंपैकी हाच जास्त जवळचा आहे.

१९७१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, आकेरमान घर सोडून न्यूयॉर्कला गेली. तिथे तिने पडेल ते काम केलं, एका थिएटरच्या तिकीटखिडकीवरही बसली. त्या काळात ब्रसेल्सहून आई तिला सतत पत्रं लिहीत होती. पुढे १९७६ मध्ये ती पुन्हा त्या शहरात गेली, आणि बाबेत मांगोल्तच्या कॅमेऱ्याने तिने रस्ते टिपले. मॅनहॅटनच्या रिकाम्या गल्ल्या, पहाटेची गोदामं, एकट्यादुकट्या मोटारी, भुयारी रेल्वेचे फलाट, डब्यात बसलेली माणसं. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी रोवलेला. माणसं येतात, जातात, एखादा लेन्सकडे रोखून बघतो आणि मान वळवतो. आणि या सगळ्यावर आकेरमान स्वतःच्या आवाजात आईची ती जुनी पत्रं वाचते.

पत्रांत काही नाही. म्हणजे कुठल्याही आईच्या पत्रात जे असतं ते सगळं आहे. वडिलांची तब्येत, माझी तब्येत, धंद्याची काळजी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा वाढदिवस झाला, तुझी आठवण काढली सगळ्यांनी. पैसे पाठवलेत, मिळाले का? कपड्यांचं पार्सल पोचलं का? तू लिहीत का नाहीस? लिहिलंस तर इतकं थोडं का? तुझ्या पत्राची वाट पाहतेय. पुन्हा पुढच्या पत्रात तेच. लेकीची उत्तरं आपल्याला ऐकवलेली नाहीत, त्यामुळे तिने किती वेळा लिहिलं आणि किती वेळा नाही, हे आईच्या तक्रारीवरूनच ताडायचं.

आकेरमान हे वाचते कसं, त्यात सगळा सिनेमा आहे. भरभर, एका सुरात, कुठे कंठ दाटून न येता. जणू आईची वाक्यं तिला तोंडपाठ आहेत आणि ती पाठ असल्याचा तिला जरा त्रासही होतोय. वाचत असताना समोरून ट्रक जातो, रेल्वे धडधडत येते, आणि शब्द त्यात बुडतात. आई काहीतरी सांगत असते, ओठांवर आलेलं असतं, आणि गाडीचा आवाज इतका चढतो की अर्धं वाक्य गायब. गाडी गेली की आवाज पुन्हा वर येतो, पण आई तोवर पुढच्या विषयावर गेलेली असते. मी पहिल्यांदा सिनेमा मागे घेतला, आवाज वाढवला, खालची इंग्रजी पाटी वाचून बघितली. मग सोडून दिलं. ते शब्द बुडवायचेच होते तिला. परक्या शहरात पहिल्यांदा एकटी राहणारी मुलगी आईचं पत्र असंच वाचते. चालत्या बसमध्ये, रांगेत, अर्धं लक्ष पुढच्या स्टॉपकडे ठेवून. मीही तसंच वाचलंय. बुडालेल्या शब्दांबद्दल तिच्या मनात जे साठलं, ते साठायला पाच वर्षं लागली आणि मग ती कॅमेरा घेऊन त्याच गल्ल्यांत परत गेली.

या आईचं नाव नातालिया. पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातली, ऑश्वित्झमधून जिवंत परतलेली. तिचे आईवडील परतले नाहीत. सिनेमात याचा उल्लेख नाही. मला हे नंतर कळलं, आणि कळल्यावर मी तो सिनेमा पुन्हा लावला तेव्हा 'लिहीत का नाहीस' हे वाक्य मला पहिल्यासारखं ऐकताच आलं नाही. जिची माणसं एकदा गेली ती कायमची गेली, तिला आठ दिवस पत्र आलं नाही तर काय होत असेल.

शेवट बोटीवरचा आहे. स्टेटन आयलंडच्या फेरीवरून कॅमेरा मागे शहराकडे बघत राहतो, जवळजवळ दहा मिनिटं, न थांबता. आधी धक्का, मग इमारती, मग इमारतींच्या रेघा, मग धुक्यात सगळं एकच करडं. समुद्रपक्षी, पाण्याचा आवाज. पत्रं संपलेली असतात. मी तिथे हेडफोन काढला नाही. फ्रीजचा आवाजही येऊ नये असं वाटत होतं.

असे सिनेमे बघतेस म्हणजे तुला उदास व्हायला आवडतं, असं मला जवळच्यांनी अनेकदा म्हटलंय. मला ते कधीच पटलं नाही. नेहमीच्या सिनेमात माणसं भेटतात, आणि भेट झाली की पुरे; मधला रस्ता एका गाण्यात कापला जातो. इथे कुणीतरी तो मधला रस्ताच दाखवतं. एका हातातून निघालेली वस्तू दुसऱ्या हातात जाईपर्यंत काय काय होतं, किती वेळ लागतो, आणि पोचली नाही तर ती जाते कुठे. याकडे इतक्या आस्थेने बघणारं कुणी असेल, तर मला त्याच्याशेजारी बसायचंय.

त्साई मिंग-लिआंगचा 'गुडबाय, ड्रॅगन इन' मी याच ओढीने शोधून काढला. २००३ सालचा तैवानी सिनेमा, तैपेईजवळच्या फू-हो नावाच्या एका जुन्या, बंद पडणाऱ्या थिएटरात चित्रित केलेला. बाहेर धो धो पाऊस. आत शेवटचा खेळ चालू आहे, किंग हू यांचा १९६७ सालचा तलवारबाजीचा सिनेमा. हजारभर खुर्च्या असाव्यात अशा त्या हॉलमध्ये मोजकी माणसं. निम्मा सिनेमा सरतो तोवर पडद्याबाहेरचं कुणी एक वाक्य बोलत नाही. प्रेक्षकांत दोन म्हातारे आहेत, मिआओ तिएन आणि शिर् चुन. समोर पडद्यावर तलवारी परजताहेत ती दोन तरुण माणसं म्हणजे हेच दोघे. एकाचे डोळे भरून येतात. खेळ संपल्यावर बाहेर दोघं भेटतात, दोन-तीन वाक्यं बोलतात; हल्ली सिनेमाला कुणी येत नाही, आपली कुणाला आठवण नाही, एवढंच.

पण मी सांगणार होते ती त्या पावाची गोष्ट. थिएटरमध्ये तिकीट विकणारी एक बाई आहे, एका पायाने अधू. ती तिच्या त्या चिमुकल्या खोलीत वाफेवर एक गुलाबी पाव गरम करते. तिकडे वाढदिवसाला करतात तो, पीचच्या आकाराचा, दीर्घायुष्याच्या शुभेच्छांचा. त्याचे दोन भाग करते. अर्धा स्वतः खाते आणि उरलेला अर्धा घेऊन वर निघते, प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसासाठी. लांबलचक बोळ, मग जिने, मग आणखी जिने. अधू पायाचा तो आवाज, खट्, मग थोडी शांतता, पुन्हा खट्. त्साई एकही पायरी गाळत नाही. ती वर पोचते तेव्हा तो जागेवर नसतो.

सिनेमाभर ती दोघं एकमेकांना भेटत नाहीत. शेवटी सगळं बंद झाल्यावर तो तिच्या खोलीशी येतो, तिचा तो कुकर त्याला सापडतो, तो उचलून तो पावसात स्कूटरवर निघून जातो. आणि ती आडोशाला उभी राहून त्याला जाताना बघते. त्याआधी एक दृश्य आहे, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रिकाम्या हॉलमधले दिवे लागतात, ती झाडू घेऊन आत येते, एका बाजूने वर चढते, मधून पलीकडे जाते, दुसऱ्या बाजूने उतरते आणि निघून जाते. त्यानंतरही कॅमेरा त्या खुर्च्यांकडे बघत राहतो. सगळं मिळून पाच मिनिटांच्या वर. मी मुलीला शेजारी बसवून एकदा ते दाखवलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिसऱ्या मिनिटाला ती हळूच म्हणाली, "आई, आपण दोघीच बसलोय तिथे."

या सिनेमाचं मूळ चिनी नाव 'बू सान', म्हणजे पांगू नये, निघून जाऊ नये. त्याच वर्षी त्साईच्या सिनेमांतला नेहमीचा नट ली कांग-शेंग याने स्वतः एक सिनेमा दिग्दर्शित केला, त्याचं नाव 'बू जिएन', दिसेनासं झालेलं. दोन्ही नावं जोडली की चिनीतला एक वाक्प्रचार होतो, भेटायचं ठरवताना म्हणतात तो. भेट झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला झाडाखालची बालो आठवली.

आकेरमानचा शेवटचा सिनेमाही आईवरच आहे, 'नो होम मूव्ही', २०१५ सालचा. त्यात पत्रं नाहीत, संगणकावरची बोलणी आहेत. आई ब्रसेल्सच्या घरात, लेक अमेरिकेत, पडद्यावर आईचा चेहरा इतका जवळ की नुसते रंगाचे ठिपके दिसावेत. कशाला टिपतेस हे, असं आई विचारते, आणि लेक सांगते की जगात अंतर म्हणून काही उरलेलं नाही हे मला दाखवायचंय. आई २०१४ मध्ये गेली. सिनेमा पुढच्या वर्षी आला आणि त्याच वर्षी आकेरमानही गेली. तो मी एकदाच पाहिला. पुन्हा लावायचं धाडस झालेलं नाही.

आईची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात. 'न्यूज फ्रॉम होम' पाहिला त्या रात्री मी तो काढला, आणि इतकी वर्षं नजरेतून सुटलेली गोष्ट तेव्हा दिसली. जवळपास प्रत्येक पत्राच्या कडा फाटलेल्या आहेत. आंतरदेशीय पत्र पट्टीने किंवा सुरीने हलकेच उघडायचं असतं. मी बोट घालून फाडायचे, जिन्यात, वर्गाबाहेर, मिळेल तिथे. आणि आई तर कडेपर्यंत लिहायची. म्हणजे प्रत्येक पत्रात दोन-तीन शब्द असे आहेत जे मी त्या दिवशीही वाचले नाहीत. चिंध्या जिन्यातच राहिल्या.

परत गेलेल्या डब्याचं पत्रही त्यात सापडलं. त्या वेळी मी ते भीत भीत उघडलं होतं आणि रागाचं काही नाही हे बघून मिटून टाकलं होतं. आता नीट वाचलं. आईने लिहिलंय की डबा परत आला, कंडक्टर भला माणूस, त्याने घरापर्यंत आणून दिला. वड्या शेजारच्या मुलांनी खाल्ल्या. आगळाची बाटली पुढच्या वेळी देते. मग ओळ कडेकडे जाते आणि तिथेच फाटलंय. वरची शिरोरेघ गेलेली, अक्षरांचे नुसते पाय उरलेत. त्यातून लागतं ते एवढंच : "…ली असशील." त्याच्या आधीचा शब्द नाही. दमली असशील. आजारी पडली असशील. विसरली असशील. मी टेबललॅम्पखाली धरून सगळे शब्द बसवून पाहिले, आणि दर वेळी त्या उरलेल्या पायांवर तो शब्द बसतोय असंच वाटलं.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, देवरुखलाच, भावाकडे. ऐकायला कमी येतं. फोनवर आपण बोलतो त्यातलं निम्मं तिकडे पोचतच नाही, आणि जे पोचतं त्याचं ती आपल्या मनाने काहीतरी करून घेते. यंत्र आणलंय, ते कपाटात असतं. मागच्या रविवारी मी तिला विचारायचं ठरवलं. चांगलं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. आई, एकदा डबा परत आला होता बघ, मी होस्टेलला होते तेव्हा. त्या पत्रात तू मला काय लिहिलं होतंस?

तिकडे थोडा वेळ काहीच नाही. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"डबा ना?" आई म्हणाली. "हो, पाठवते की. कुठली गाडी आहे आता?"